एक हात पाठीशी

१

आमच्या घरात आता एकही फुटकं सॉकेट नाही, एकही लोंबता होल्डर नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना कुणाला वाटायचं, बाई घाबरून माहेरी पळाली असेल. मी कुठंही गेले नाही. ज्याला जायचं होतं ते गेलं.

मी प्रगती. भोरच्या आयटीआयला वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात एकोणीस पोरं आणि मी एकटी. लग्न होऊन गडाच्या पायथ्याशी पालीत आले, आणि आज पालीतल्या निम्म्या घरांचे बोर्ड माझ्या हातचे आहेत. गडावर जाणारे ट्रेकर मुक्कामाला राहतात, आल्या आल्या मोबाईल चार्जिंगला जागा मागतात, त्यामुळे मला काम कमी नाही. फक्त स्वतःच्या घराकडे बघायला दहा वर्षं सवड मिळाली नव्हती. या मे महिन्यात म्हटलं, बास! पाऊस यायच्या आत, भिंती ओल्या व्हायच्या आत, सगळं जुनं फिटिंग काढायचं. वेल्ह्याहून सामान आणलं आणि लागले कामाला.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी टेस्टर चालू लाइनवर लावून बघायचा, की तो जिवंत आहे. मग मेन बंद. मीटरखालचा फ्यूज उपसून माझ्या खिशात, म्हणजे घरातल्या कुणी हौशी माणसानं मधेच बसवायला नको. मग जिथं काम, तिथं टेस्टर. आणि वायरला पहिला हात लावताना एकच हात, उजवा. डावा पाठीशी. आमचे सर म्हणायचे, एका हातानं झटका बसला तर माणूस शिव्या देतो, दोन हातांनी बसला तर बोलत नाही, कारण करंट छातीतून जातो. मी ओढणी कमरेला आवळून गाठ मागं घेते आणि डावा हात त्या गाठीत खोचते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई भामाबाई, बघून हसतात.

"काय गं, कंबर धरली व्हय?"

"धरेल तेव्हा तुमीच शेकायची, आत्याबाई."

आणखी एक सांगायला हवं. दिवेलागणीला बटण दाबलं, उजेड पडला, की आमच्याकडे सगळे हात जोडतात. जेवणारा घास खाली ठेवून जोडतो, मोबाईलवर बोलणारा फोन मानेत धरून जोडतो. कुणी शिकवत नाही. लेकरू उभं राहायला लागलं की त्याचे हात आपोआप जातात. माझेही जातात, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

२

घरात आठ बोर्ड. तीन दिवसांत सात झाले. आठवा मागच्या खोलीत होता, मामंजींच्या.

मामंजी म्हणजे माझे सासरे, कोंडिबा. मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं ते त्याच खोलीत गेले. होल्डर बदलत होते, तिथंच छाती भरून आली म्हणे. सापडले ते भिंतीला टेकून बसलेले आणि हात जोडलेले. सगळ्या गावानं नाव काढलं, काय मरण आलं म्हाताऱ्याला! आत्याबाईंनी खोलीला कुलूप लावलं. वर्षाकाठी उघडायच्या, भिंतीला फूल वाहायच्या, बंद करायच्या. मी दोनदा म्हटलं, आत फुटकं सॉकेट आहे, मला बघू द्या. दोन्ही वेळेला दोन दिवस बोलल्या नाहीत. या उन्हाळ्यात भाताची पोती ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा कुठं कुलूप निघालं, आणि पोत्यांच्या थप्पीवर माझी राजनंदिनी सुट्टीभर खेळायला लागली. वय वर्षं आठ. अंगात नुसता वारा.

तिसऱ्या दिवशी सातवा बोर्ड आवळेपर्यंत सांज झाली. मेन बंद होतं, फ्यूज माझ्या खिशात मांडीला टोचत होता. स्वयंपाकघरात आत्याबाई चुलीच्या उजेडात भाकरी थापत होत्या. मी हात धुवायला मागं गेले आणि मागच्या खोलीच्या दाराखाली पिवळी रेघ दिसली.

आधी मला काहीच वाटलं नाही. दिवा लागलेला दिसला तर कुणाला काय वाटतं? माझे हात छातीपाशी जायला निघाले. अर्ध्यात थांबले ते खिशातला फ्यूज टोचला म्हणून.

मी दार ढकललं. आत अंधार होता. पोत्यांपुढं राजनंदिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाय जुळलेले. डावा हात छातीशी, नमस्काराला धरतात तसा अर्धा उभा. उजव्या हाताची दोन बोटं सॉकेटच्या फुटक्या तोंडापासून करंगळीएवढ्या अंतरावर.

मी तिला कशी उचलली मला आठवत नाही. अंगणात आणून आधी एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरून मीच रडले.

"कशाला हात घालत होतीस गं भवाने?"

"दिवा लागला म्हणून पाया पडत होते."

"कुठला दिवा? बल्बच नाही तिथं!"

"लागतो की. रोज लागतो." ती मलाच समजावत होती. "आधी वर लागायचा, होल्डरमदी. मग भिंतीवर आला. रोज थोडा खाली येतो. आज माझ्याएवढा आलता."

३

त्या रात्री मी जेवले नाही, पण बुद्धी गहाण टाकली नाही. दाराखालची रेघ? चुलीचा उजेड फटीतून गेला असेल. पोरगी? सुट्टीत पोरांना काहीही दिसतं. खोलीत उघडी तार आहे, पोरीनं त्यात बोट घालायला धरलं, एवढं खरं आणि एवढंच पुरेसं.

सकाळी मेन बंद करून मी त्या सॉकेटला टेस्टर लावला. लागला! लालभडक.

सांगू का, मला इतकं बरं वाटलं! लाकडी पट्टीवरची वायर मी बोटानं चाचपत गेले, तर ती मेनकडे जातच नव्हती. भिंतीतल्या भोकातून मागं गोठ्यात उतरली होती. गोठ्याचं मीटर वेगळं, कडबाकुट्टीसाठी घेतलेलं. मामंजींनी कधीतरी तिथूनच जोड मारून दिला होता, आणि पुढं विसरले असणार. म्हणजे घराचं मेन कितीही पाडा, या खोलीत बारा वर्षं करंट जिवंत. भुताला लागते काय एवढी वायर? मी गोठ्यातला जोड कापला, दोन्ही टोकांना टेप गुंडाळला, आणि सॉकेटला परत टेस्टर लावला. सॉकेट मेलं होतं.

आता आत्याबाईंना विचारायला हरकत नव्हती. त्या उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"आत्याबाई, मामंजी गेले त्या दिवशी मेन बंद होतं?"

"मग? माझ्या देखत पाडलं त्यांनी. सांज झालीती. म्या चहा टाकला, हाक मारली, चहा गार होतुया म्हणलं. आलं न्हाईत. म्हणून गेले तर असं बसल्यालं, स्टूल आडवं पडल्यालं. हात जोडल्यालं. खोलीत दिवा लागल्याला. म्या बी दारातच हात जोडले."

"आणि मग?"

"मग गावची लाइट गेली. अंधारात म्या त्यांना हात लावला. हात सुटंनात गं. गेनबा भाऊजींनी लई वडलं. तसंच जोडल्या हातानं न्हेलं त्यांना."

"हातात काही होतं?"

"वायर हुती. दोन्ही तळव्यांच्या मधी, दोन टोकं."

मी मनाशी सगळं जुळवलं. लाकडी स्टुलावर उभा माणूस. मेन बंद आहे या भरवशावर एक जिवंत टोक एका हातात धरलेलं. पायाखाली कोरडं लाकूड, म्हणून अजून काहीच झालेलं नाही. खाली उतरेपर्यंत कदाचित झालंही नसतं. आणि तेवढ्यात दिवा लागतो. आपल्याकडचा कुठलाही माणूस काय करील? तो हात जोडील. दुसरा हात येईल तो दुसऱ्या टोकावर.

"आत्याबाई, त्या दिव्यात बल्ब कुठला होता? होल्डर तर त्यांनी उतरवला असणार."

"बल्ब बंडीच्या खिशात घावला की. फुटून गेलता."

हे बोलल्या आणि लसणाची पाकळी तशीच धरून राहिल्या. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग प्रगते," त्या म्हणाल्या, "म्या हात कुणाला जोडले?"

४

आमचे हे, सोमनाथ, टेम्पो घेऊन दोन दिवस बाहेर होते. फोनवर म्हणाले, मी येईपर्यंत थांब. मी म्हटलं, आज सांज व्हायची थांबणार आहे का? पोरगी याच घरात आहे. तिला कितीदा धरून ठेवू?

राजनंदिनीला शेजारच्या चंद्राबाईंकडे बसवलं. आत्याबाईंना सांगितलं, गोठ्यात कापलेल्या वायरीपाशी बसा, देव जरी आला तरी जोडू द्यायची नाही. घराचं मेन पाडलं, फ्यूज खिशात. चंद्राबाईंच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, त्यावर टेस्टर जिवंत आहे हे बघितलं, सॉकेटला लावला, मेलेला, परत चंद्राबाईंच्या बोर्डावर बघितलं, जिवंत. यापेक्षा जास्त खात्री कुणाला करता येत असेल तर मला येऊन शिकवा.

दुपारी दोनला सुरुवात केली. वरची पट्टी, सीलिंगचा तुकडा, सगळं निघालं. सॉकेटचे स्क्रू गंजून भिंतीचेच झाले होते. एक निघायला तास लागला, दुसऱ्याचं डोकं उडालं. छिन्नी घेतली. खोलीला एकच झरोका, उजेड जाताना कळलाच नाही. शेवटी लाकडाचा गुटका भिंतीतून सुटला आणि मागून दोन टोकं बाहेर आली, एक लाल, एक काळं.

दोन्ही टोकं मेलेली होती. तरी पद्धत ती पद्धत. स्टुलावर बसले, पाय वर घेतले, डावा हात ओढणीच्या गाठीत खोचला आणि उजव्या चिमटीत लाल टोक धरलं.

आधी आवाज आला. रोहित्राखाली उभं राहिलं की येतो तसा, बारीक, दातांत बसणारा.

मग दिवा लागला.

जुन्या साठच्या बल्बचा पिवळा उजेड, छान, घरगुती. पोती दिसली, छिन्नी दिसली, माझ्या हाताचे केस दिसले. कुठून येत होता ते मी शोधलं, खरंच शोधलं, पण जिकडं बघावं तिथं तो नुकताच लागलाय असं वाटायचं. खिशातला टेस्टर कपड्याआडून लाल झाला होता. टेस्टर असा लागत नाही. त्याला तार लागते, माणसाचं बोट लागतं. माझ्या डोक्यात कोर्सच्या दोन वर्षांची सगळी पानं उलटली आणि एकातही हे नव्हतं.

आणि माझा डावा हात निघाला.

कुणी ओढला नाही. ते सांगितलं तर खोटं होईल. माझाच हात, माझीच सवय, एकतीस वर्षांची. सांज झाली, दिवा लागला, हात जोडायचा. काळं टोक बरोबर तिथं होतं जिथं माझा डावा तळवा येऊन टेकला असता. चिमटीतलं लाल टोक सोडायला गेले तर बोटं ऐकेनात. समोरच्या भिंतीवर सावली पडली होती. माझा डावा हात अजून कमरेपाशीच होता आणि सावलीचे हात जोडलेले होते. तिच्या डोक्यावर टोपी होती. ती सावली थरथरत होती, सारखी, न थांबता, आणि मला कळलं की ती नमस्कार करत नाही. तिला हात सोडता येत नाहीत.

भीती? वाटली ना. पण तिच्या वर एक संताप आला, असा संताप की बोलायची सोय नाही. बारा वर्षं! एका भल्या माणसाला त्याच्याच भक्तीनं धरून ठेवलं, त्याच्या बायकोकडून फुलं घेतली, आणि आता माझी लेक?

"आई, दिवा लागला!"

दारात राजनंदिनी. चंद्राबाईंना चुकवून आलेली. तिच्या मागं धापा टाकत आत्याबाई. त्या उजेडात दोघींचे चेहरे उजळले होते, आणि पोरगी एक एक पाऊल भिंतीकडे येत होती, हात वर येत होते. माझ्या हातातली तार तिच्या खांद्यापासून वीतभर.

"नंदे!" मी ओरडले. "हात पाठीशी!"

ती थांबली.

"डावा हात पाठीशी! आई काम करताना करते तसा! आत्याबाई, तुमी पण!"

माझी नक्कल तिनं हजारदा केली होती, मला चिडवायला. तिनं डावा हात पाठीमागं नेला आणि झग्याचा पट्टा घट्ट धरला. आत्याबाईंचे तळवे एकमेकांपासून दोन बोटांवर आले होते. त्या रडत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं, खाली ओढलं, पाठीशी नेलं. माझा डावा ओढणीच्या गाठीत परत गेला. आम्ही तिघी, तिघींचा एक हात मागं.

दिवा वाढला. पांढरा झाला, डोळ्यांत पाणी आलं. आवाज दातांतून कवटीत गेला.

"लाग किती लागतोस ते!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुला आमी लावला न्हाई. ज्याला आमी बटण दाबून लावू त्यालाच हात जोडू. फुकटचा नमस्कार या घरात मिळायचा न्हाई. हो भाईर!"

"हो भाईर!" राजनंदिनी म्हणाली.

आत्याबाईंनी जे म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यांच्या तोंडून मी तशी शिवी त्याआधी ऐकली नव्हती.

उजेड वाट बघत होता. हे मला अगदी कळत होतं. घरी आलेला पाहुणा चहाची वाट बघत बसतो तसा तो बसला होता, आणि आम्ही कुणी उठत नव्हतो. किती वेळ गेला? चंद्राबाईंच्या घरात तेवढ्यात टीव्ही लागला, त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाबरोबर पिवळेपणा ढळायला लागला. आधी कोपरे गेले. मग पोती. शेवटी भिंतीत, गुटक्याच्या भोकाएवढा, एक ठिपका राहिला. मी पाय खाली न टेकवता त्याच्या तोंडावर नव्या सॉकेटसाठी आणलेली धातूची पेटी दाबून धरली. आत काहीतरी एकदा टचकन वाजलं.

माझी चिमटी सुटली. अंधारात तिघी एकदम हसायला लागलो, का ते आम्हालाच माहीत नाही.

५

दुसऱ्या दिवशी काम पुरं केलं, आणि कुणी काही म्हणो, ते मी आजवर केलेलं सगळ्यात देखणं काम आहे. जुनी वायर भोकातून उपसून फेकली. पाइपातून नवी लाइन, घराच्याच मेनवरून. नवीन सॉकेट, ज्याच्या तोंडाला आतून पडदे असतात, पोरानं तार घातली तरी आत जात नाही. अर्थिंगला मीठ-कोळसा घालून नवा खड्डा. मेनजवळ झटका बसायच्या आत तुटणारा ब्रेकर बसवला, त्याचं तपासणीचं बटण राजनंदिनीला तीनदा दाबायला दिलं. छताला लांब एलईडी.

सांज झाली. मी म्हटलं, बटण आत्याबाईच दाबतील. त्या पुढं झाल्या, पण दाबायच्या आधी माझ्याकडे वळल्या.

"हातात काय न्हाई ना कुणाच्या?"

"न्हाई, आत्याबाई."

"समदं झाकल्यालं हाय?"

"एकूण एक."

"मग लावते." आणि त्यांनी बटण दाबलं.

पांढरा, स्वच्छ उजेड पडला. आमचाच, आम्ही लावलेला. तिघींनी हात जोडले, दोन्ही, पोटभर. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि छाती अशी भरून आली होती की गडाच्या बालेकिल्ल्यावर जाऊन ओरडावं.

समोरच्या भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या होत्या. मी मोजायला गेले नव्हते, नजर गेली. दोन मोठ्या, एक लहान. आणि कडेला, पोत्यांजवळ, टोपीवाली. तिचे हात जोडलेले नव्हते. दोन्ही बाजूंना सैल लोंबत होते, दिवसभर औत धरून आलेल्या माणसाचे लोंबतात तसे, आणि ती बोटं एक एक करून उघडत होती, मिटत होती. माझी पापणी लवली तेव्हा पोत्यांचीच सावली होती.

मी वायरमन आहे. कुणी कागदावर लिहून मागितलं तर मी तीनच लिहीन.

आत्याबाई मात्र भिंतीकडे बघत राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत. बराच वेळ बघितलं आणि मग लगबगीनं स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"कुठं निघालात?"

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तवाचा राह्यलाय."

मी मागोमाग गेले. ओट्यावर त्यांनी कप मांडले. माझा, त्यांचा, राजनंदिनीची दुधाची वाटी. मग फळीवरून एक जुना, दांडी तुटलेला कप काढला, पदरानं पुसला, आणि त्यातही ओतला. गरम होता, तो मीच नेऊन मागच्या खोलीत ठेवला, नव्या सॉकेटपासून चांगला हातभर लांब.